वरचा कर्नेल, खालचा कर्नेल

बसा सगळे नीट. मागच्याने पाय पसरू नयेत. आज एका जंगलाची गोष्ट सांगतो. कुठलं जंगल, कधीचं, असलं काही विचारायचं नाही. झाडं होती, प्राणी होते, वाघ राजा होता आणि पाणवठ्यावर एक कॉम्प्युटर होता. जंगल म्हटल्यावर एवढं असायचंच.

कॉम्प्युटर कशाला, म्हणता? सांगतो.

त्या जंगलात एक बंधारा होता. बंधाऱ्यात पाणी होतं आणि पाण्यात मगर होती. त्यामुळे बंधाऱ्याला तोंड लावायची कोणाची छाती नव्हती. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला एक मोठा खोलगट खड्डा होता. त्यालाच पाणवठा म्हणत. मध्ये एक लोखंडी दार होतं. दार उघडलं की पाणी खाली यायचं आणि मगर वरच राहायची.

पूर्वी हे दार हत्ती सोंडेने उचलत असे. पण शेजारच्या जंगलात कॉम्प्युटर आला. मग आमच्या वाघमहाराजांनाही तो हवासा वाटू लागला. दाराला मोटर बसली, गवताच्या छपराखाली कॉम्प्युटर आला, छपरावर सोलर पॅनल चढलं. मोटर बसल्यावर दार सोंडेने हलेना. तेव्हा हत्तीला शाल-श्रीफळ देऊन घरी बसवण्यात आलं. श्रीफळ त्याने तिथल्या तिथे फोडून खाल्लं.

हे सगळं बसवलं एका चक्रवाकाने. चक्रवाक म्हणजे थंडीत येणारा पाहुणा पक्षी. फिरतीवर असल्यामुळे त्याला चार गोष्टी जास्त कळत. त्याने कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं. का, तर ते फुकट मिळतं आणि गुमान चालतं. थंडी सरली तसा तो उत्तरेला उडून गेला. यंत्र बसवणारे बहुधा यंत्र बसवून झालं की दूरच्या प्रवासाला निघतात.

आता कर्नेल म्हणजे काय ते ऐका, पुढे पुन्हा सांगणार नाही. कॉम्प्युटर जागा होतो तेव्हा सगळ्यात आधी त्याच्या पोटातला कर्नेल उठतो. मग तो बाकीच्यांना कामाला लावतो. पडद्याला म्हणतो, उजळ. मोटरला म्हणतो, फिर. तुमच्या घरी आई उठल्याशिवाय चहा होत नाही, तसंच हे. एका कॉम्प्युटरात दोन-तीन कर्नेल सुखाने राहू शकतात, पण एका वेळी उठतो एकच. कोणाला उठवू, असं विचारणारी यादी सुरुवातीला पडद्यावर येते आणि पाच सेकंद वाट बघते. तेवढ्यात कोणी काही सांगितलं नाही, तर नेहमीचा म्हणून जो ठरवून ठेवलेला असतो तो उठतो. या नेहमीच्याला डिफॉल्ट म्हणायचं. समजलं? नसेल समजलं तर मान हलवा, बाकीचे तेच करताहेत.

पॅनल उन्हावर चालायचं. त्यामुळे सूर्य मावळला की कॉम्प्युटर दार लावून झोपायचा आणि सूर्य उगवला की नव्याने उठायचा. रोज सकाळी यादी, पाच सेकंद, मग कर्नेल, मग मोटर, मग पाणी. सगळं सुरळीत चाललं होतं.

एक दिवस हवेतून नवा कर्नेल आला. लिनक्समध्ये असे नवे कर्नेल येत राहतात, आणि आलेला नवा यादीत सगळ्यात वर जाऊन बसतो. वरचा तोच नेहमीचा, असं चक्रवाकाने ठरवून ठेवलं होतं. जुना बिचारा खाली सरकला.

वाघमहाराजांना फार आनंद झाला. त्यांनी दरबार भरवला आणि डरकाळी फोडून जाहीर केलं, की आजपासून आपलं जंगल सगळ्यात नव्या कर्नेलवर चालतं. तशी दवंडी शेजारच्या जंगलाच्या वेशीपर्यंत पोचवण्यात आली. तिथल्या वाघाचं तोंड कसं झालं असेल, या कल्पनेनेच महाराजांना दोन घास जास्त गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा कर्नेल उठला. पडदा पूर्वीपेक्षा झकास उजळला. फक्त दाराची मोटर कोणती ते नव्याला ओळखता येईना. मोटर जुनी होती आणि त्याने असली मोटर कधी पाहिली नव्हती. दार उघडलं नाही. प्राणी तहानलेले उभे राहिले आणि झकास पडद्याकडे बघत बसले.

आता आपल्या गोष्टीतली घोरपड येते. तिचं नाव गोजरा.

गोजराला यंत्राचं काडीचंही ज्ञान नव्हतं. ती छपरावर चढायची ती उबेसाठी. घोरपडीचं रक्त थंड असतं. ऊन अंगात मुरेपर्यंत तिचे हातपाय चालत नाहीत, आणि पॅनलच्या काळ्या पाटीवर ऊन चांगलं तापतं. त्या सकाळी कोणीतरी चिडून पॅनलवर चिखल फेकला. कॉम्प्युटर बंद पडला. चिखल ओघळला तसा पुन्हा चालू झाला, पडद्यावर यादी आली, आणि तेवढ्यात चिखलावरून घसरून गोजरा खाली आपटली. तिचा एक पाय खालच्या बाणाच्या बटणावर पडला आणि शेपूट एंटरवर. जुना कर्नेल उठला. दार उघडलं.

पाणी आलं तसा सगळ्यांनी एकच जल्लोष केला. गोजरा मान खाली घालून पडून होती, कारण तिला वाटलं आपण काहीतरी मोडलं. पण त्याच संध्याकाळी तिची नेमणूक झाली. पदाचं नाव निवडप्रमुख. रोज सकाळी यंत्रासमोर बसायचं, यादी आली की खालचा बाण दाबायचा, एंटर दाबायचं.

पदाबरोबर पूर्वेकडचा सपाट कातळ मिळाला. सकाळचं पहिलं ऊन त्याच्यावर पडायचं. घोरपडीला दुसरं काय हवं? गोजराला आपलं नशीब उघडलं असं वाटलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

हळूहळू त्याचा समारंभ झाला. गोजरा बटण दाबायला लागली की सगळे श्वास रोखून उभे राहत. दार उघडलं की टाळ्या होत. चितळीण पाडसाला म्हणे, "बघ, गोजरामावशीमुळे आपल्याला पाणी मिळतं." गोजरा मान वर करून जीभ बाहेर काढी. तिच्याकडे आभार मानायची तेवढीच रीत होती.

एकच जाच होता. पहाटे तिचे पाय गारठलेले असत आणि यादी थांबायची पाच सेकंद. कधी कधी बोट बाणापर्यंत पोचायच्या आत वेळ निघून जायची. मग वरचा कर्नेल उठायचा, पडदा झकास उजळायचा, आणि माकडांना पॅनलवर पळसाची पानं घालून यंत्र झोपवावं लागायचं. पानं काढायची, पुन्हा यादी यायची. तोवर पाडसं रडकुंडीला येत. गोजराला रात्रभर धड झोप लागत नसे.

पुढच्या थंडीत चक्रवाक आला. गोजराने त्याला गाठलं.

"दादा, मी रोज एकच बटण दाबते. कालही तेच, आजही तेच. हे यंत्राला एकदाच सांगून ठेवता नाही येणार?"

"येतं की," चक्रवाक म्हणाला. "एक फाईल आहे. तिच्यात नेहमीचा कोण ते एका ओळीत लिहायचं असतं. पण नुसतं लिहून भागत नाही. लिहिलंय असं यंत्राला कळवावं लागतं, त्याची वेगळी आज्ञा आहे. नाहीतर ते आपलं जुनंच घोकत बसतं."

"लिहायचं काय?"

"कर्नेलचं नाव. अख्खं नाव. यादीतला नंबर लिहिला तरी चालतं, पण तू नंबर लिहू नकोस."

"का?"

"बाई, नाव लिही," चक्रवाक म्हणाला. त्याला उडायची घाई होती. तरी त्याने फाईल कुठे आहे ते दाखवलं, आज्ञा शिकवली, आणि जाताना तीच गोष्ट सचिवांच्याही कानावर घातली.

सचिव म्हणजे तरस. तरस नेहमी हसायचा. त्यामुळे तो हो म्हणतोय की नाही ते समोरच्याला घरी गेल्यावर कळायचं.

"जुना कायमचा ठरवायचा?" तरस हसला. "अहो पाहुणे, महाराजांनी नव्याची दवंडी दिली आहे. धोरण नव्याचंच राहणार."

"पण पाणी तर जुन्यावर येतंय."

"येतंय ना? मग झालं तर. रोज आजच्यापुरता जुना निवडायचा. आजच्यापुरतं म्हटलं की धोरणाला धक्का लागत नाही."

चक्रवाकाने थोडा वेळ विचार केला आणि तो उत्तरेला उडून गेला.

असे दिवस गेले. मग गोजराच्या पोटात अंडी धरली.

घोरपड अंडी कुठेही घालत नाही. तिला वारूळ लागतं, मोठं, जुनं, आतून उबदार. पाणवठ्याजवळ सगळा खडक. चांगलं वारूळ टेकडीपलीकडे होतं. तिथे जायचं, वारूळ उकरायचं, अंडी घालायची, तोंड बुजवायचं, आणि मुंग्या ते लिंपून घेईपर्यंत राखण करायची, नाहीतर मुंगूस टपलेलाच. काम एका दिवसाचं नव्हतं. आणि वेळही फार उरला नव्हता, पोट जमिनीला लागत होतं.

ती तरसाकडे गेली.

"साहेब, मला सुट्टी हवी."

तरस हसला. गोजराला वाटलं मिळाली.

"निवडप्रमुखाला सुट्टी नसते, गोजराबाई. तुम्ही गेलात तर पाण्याचं काय?"

"दुसऱ्या कोणाला शिकवते. एकच तर बटण आहे."

"एकच बटण आहे असं बाहेर बोलू नका," तरस म्हणाला. "पदाची शान जाते. अंडी इथेच घाला की. कातळ दिलाय तुम्हाला."

कातळावर अंडी घातली तर दुपारपर्यंत उकडून निघतील, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. गोजरा परतली. तिचा जीव टांगणीला लागला होता. गेली तर जंगल तहानलेलं राहणार, राहिली तर अंडी जाणार. जंगलाच्या तहानेत तिला काही चूक दिसत नव्हती आणि स्वतःच्या अंड्यांतही दिसत नव्हती. मग तिला ती फाईल आठवली.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर ती यंत्रासमोर बसली. सूर्य टेकडीला लागला होता. तिने फाईल उघडली, ओळ शोधली. आता जुन्या कर्नेलचं नाव लिहायचं. मुलांनो, ही कर्नेलची नावं फार लांबलचक असतात. आकडा, टिंब, आकडा, टिंब, आडवी रेघ, पुन्हा आकडा, मग कुठल्याशा परक्या गावची अक्षरं. गोजरा एकेक नखाने टिपत होती. एक टिंब चुकलं, तिने पुसलं. ऊन चाललं होतं, बोटं ताठरत होती. यादीत तर दोनच होते. यंत्रं शून्यापासून मोजतात, एवढं तिला चक्रवाकाने सांगितलं होतं. म्हणजे वरचा शून्य, खालचा एक. तिने नाव सोडून दिलं आणि 'एक' लिहिलं. सूर्य गेला, यंत्र झोपलं.

सकाळी यादी आली तर निवडीची खूण वरच्या नावावरच. ती जेमतेम बाणापर्यंत पोचली. फाईल लिहिली होती, पण यंत्राला कळवायचं राहिलं होतं. त्या संध्याकाळी तिने कळवलं.

त्यानंतरच्या सकाळी ती यंत्रासमोर बसली आणि तिने काहीच केलं नाही. पाय बटणाजवळ ठेवला, पण दाबलं नाही. यादी आली. खूण आपोआप खालच्या ओळीवर होती. पाच सेकंद गेले. जुना कर्नेल उठला, दार उघडलं, पाणी आलं.

टाळ्या नेहमीइतक्याच झाल्या.

गोजराला आनंद झाला, आणि त्याच्यामागून थोडी भीतीही वाटली. आपण काहीही केलं नाही आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही, हे तिला कुठेतरी लागलं. पण पोटातल्या अंड्यांना थांबायला वेळ नव्हता. ती चितळिणीला एवढंच म्हणाली, "येते गं जाऊन. पाणी येत राहील." आणि ती टेकडी चढू लागली.

वारूळ चांगलं निघालं. तिने उकरलं, अंडी घातली, मातीने तोंड बुजवलं. मुंग्यांनी आपलं काम सुरू केलं. मुंगूस दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा तिने शेपटीचा असा तडाखा दिला की तो पुन्हा फिरकला नाही. रात्री ती वारुळाला अंग लावून पडायची. आत आपली पोरं आहेत आणि तिकडे जंगलाला पाणी मिळतंय, या विचाराने तिला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. सुख म्हणतात ते हेच असावं, असं तिला वाटलं.

लिंपण पक्कं झालं तशी ती परत निघाली.

पाणवठ्याच्या अलीकडे तिला चितळीण भेटली. चितळिणीचे ओठ फुटले होते. पाडस ओली माती चाटत होतं.

"काय झालं गं?" गोजराने विचारलं.

"तू गेलीस, तर पहिल्या दिवशी आम्ही घाबरलो," चितळीण म्हणाली. "पण पाणी आलं. दुसऱ्या दिवशीही आलं. मग सगळे म्हणायला लागले, ही बाई नसताना पाणी येतं, तर इतके दिवस ही करत काय होती? मीही म्हणाले, खोटं कशाला बोलू. सचिवांनी तुझा कातळ वानराला दिला."

"बरं. मग?"

"मग आणखी नवा कर्नेल आला म्हणे. दवंडी झाली. दुसऱ्या दिवसापासून दार बंद. वानर रोज सगळी बटणं दाबतो. काल त्याने वाजंत्री लावली होती, यंत्रातून गाणं आलं. पाणी काही आलं नाही."

गोजराच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नवा वर बसला होता. वर होता तो एक पायरी खाली सरकला, आणि जुना त्याच्याही खाली. यंत्राने इमानदारीने एक नंबरच उठवला होता. फक्त एक नंबरवर आता दुसराच कोणी होता, त्यालाही मोटर ओळखता येत नव्हती. चक्रवाक नाव लिही म्हणत होता ते यासाठी.

ती धावत सुटली. यंत्राजवळ वानर बसला होता. "निवडप्रमुख मी आहे," तो म्हणाला. तिने त्याला शेपटीने बाजूला केलं, पॅनल पानांनी झाकलं, उघडलं. यादी आली. बाण खाली, एंटर. दार उघडलं. पाडसं पाण्यात तोंड खुपसून बसली. या वेळी टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, सगळ्यांची तोंडं पाण्यात होती.

"माझंच चुकलं," गोजरा सगळ्यांसमोर म्हणाली. "मी फाईलीत नंबर लिहिला. नाव लिहायला हवं होतं."

तिने हे बोलायला नको होतं, असं तुम्हाला वाटतंय ना? तुम्ही मोठे व्हाल. तिला वाटलं, पाडसांची माफी मागावी. फाईल म्हटल्याबरोबर तरसाचे कान उभे राहिले.

दरबार भरला. महाराज आधी पोटभर पाणी प्याले, मग आसनावर बसले. गोजरा समोर उभी राहिली.

"आरोप काय?" महाराजांनी विचारलं.

"महाराज, पाडसं तहानलेली राहिली, ते माझ्यामुळे," गोजरा म्हणाली. "जी शिक्षा द्याल ती..."

"तहानेचं राहू द्या," तरस हसत म्हणाला. "तहान काय, लागते आणि भागते. आरोप असा आहे महाराज, की या बाईंनी फाईलीत जुन्याला नेहमीचा म्हणून लिहिलं."

दरबारात कुजबुज झाली. महाराज पुढे वाकले.

"म्हणजे नवा चालत नाही, असं आपल्याच यंत्रात लिहून ठेवलंय?"

"पण महाराज, नवा चालतच नाही," गोजरा म्हणाली.

"ते आम्हाला ठाऊक आहे. आम्हीही तिथलंच पाणी पितो. पण आम्हाला ठाऊक असणं वेगळं आणि लिहिलेलं असणं वेगळं. उद्या शेजारच्या वाघाने वाचलं तर?"

 गोजराने सरळच सांगितलं. "महाराज, मी रोज जुनाच निवडत होते. सगळ्यांसमोर. तुम्ही टाळ्या वाजवत होता."

"रोज निवडत होतात, ती सेवा होती," तरस म्हणाला. "एकदाच ठरवून टाकलंत, तो राजद्रोह झाला."

"मला फक्त आणखी एकदा बसू द्या," गोजरा हात जोडून म्हणाली. "मी नंबर काढते, नाव लिहिते. मग वर कितीही नवे येऊ देत, उठेल तो जुनाच. सूर्य उगवला की पाणी. मी लागणार नाही, वानर लागणार नाही, कोणीच लागणार नाही. मला कातळ नको, पदही नको. पाणी तेवढं येऊ दे."

दरबार शांत झाला. ही शांतता तिला आशेची वाटली. पण जो तो आपापला विचार करत होता.

वानराला कातळ दिसत होता. मोराने समारंभात नाचायचं काम मिळवलं होतं, त्याला ते जाताना दिसत होतं. चितळीण हळूच म्हणाली, "कोणीच नसलं, तर पाणी नाही आलं तेव्हा बोल कोणाला लावायचा?" आणि तिच्या म्हणण्याला सगळ्यांनी माना डोलावल्या. तरसाच्या मनात आलं, की आज निवडप्रमुख लागत नाही म्हणाले, तर उद्या सचिव लागतो का असं विचारतील. तो प्रथमच हसायचा थांबला.

महाराजांनी निकाल दिला. फाईलीतली ती ओळ पुसावी. सगळ्यात नवा तोच नेहमीचा राहील. मात्र पाडसांची आबाळ होऊ नये म्हणून यंत्राची पाच सेकंदांची घाई काढून टाकावी. यापुढे यंत्राने आपल्या मनाने काहीही उठवू नये. निवडप्रमुख येऊन बटण दाबेपर्यंत यादी तशीच उभी राहील, मग कितीही वेळ लागो. निवडप्रमुख म्हणून वानर कायम. गोजराबाईंना कामात कसूर केल्याबद्दल कमी करण्यात येत आहे.

"पण घाई काढायची ओळ फाईलीत लिहिणार कोण?" मोराने विचारलं.

ती गोजराकडूनच लिहून घेण्यात आली, कारण दुसऱ्या कोणाला येत नव्हती. तिने लिहिली. या वेळी यंत्राला कळवायलाही ती विसरली नाही. मग कोणता बाण किती वेळा दाबायचा ते तिने वानराला शिकवलं. वानराला ते लवकर जमलं, यात शंका नाही.

गोजरा टेकडीपलीकडे निघून गेली. वारुळाशी राहिली. ऊन तिथेही पडतं. तिला वाईट वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पहाटे जाग आली की तिचा पाय अजून बाणाच्या बटणाकडे जायचा आणि मातीवर पडायचा.

पुढे एका पावसानंतर वारूळ ओलं झालं आणि आतून ओरखडण्याचा आवाज येऊ लागला. गोजराने तोंड उकरलं. एकेक पिल्लू बाहेर आलं, हिरवंगार, चुणचुणीत. सगळी जिवंत निघाली. तिने प्रत्येकाला चाटून पाहिलं. इतक्या दिवसांत जी जीभ तिने आभारासाठी कोणाला दाखवली नव्हती, ती आज आभाळाला दाखवली.

पण टेकडीपलीकडचे झरे आटल्यावर तिला पिल्लांना घेऊन पाणवठ्यावरच यावं लागलं.

सूर्य उगवला होता. सगळं जंगल रांगेत उभं होतं. छपराखाली यंत्र जागं झालं होतं आणि पडद्यावर यादी शांतपणे वाट बघत होती. वानराचा पत्ता नव्हता. कातळावर तो उताणा झोपला होता, आणि निवडप्रमुखाला उठवायचं नाही असा नियम झाला होता. ऊन चढू लागलं. पिल्लांनी माना टाकल्या.

"आई, त्या दारामागे पाणी आहे ना?" धाकटीने विचारलं.

"आहे."

"मग ते येत का नाही?"

"अजून निवड व्हायची आहे."

"कशाची?"

"कोण उठणार त्याची."

"कोण उठणार?"

"काल उठला तोच."

पिल्लाने बंद दाराकडे बघितलं. "मग ते एकदाच ठरवून का नाही टाकत?"

गोजराने आजूबाजूला बघितलं. तरस जवळच होता आणि पुन्हा हसू लागला होता.

"ठरवलं होतं गं एकदा," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणून तर आपण इथे उभे आहोत."

तेवढ्यात वानर उठला. त्याने आळस दिला, अंग खाजवलं, आणि संथपणे यंत्राकडे निघाला. मोर नाचला. सगळ्यांनी श्वास रोखले. बटणावर बोट ठेवून वानर थांबला आणि मागे वळून बघू लागला. अलीकडे तो टाळ्या आधीच घेत असे.

जंगलाने टाळ्या वाजवल्या. चितळिणीने खूर आपटले. पिल्लं आईकडे बघू लागली.

"वाजवा," गोजरा म्हणाली, आणि तिने स्वतः पहिली टाळी दिली.

तात्पर्य, हवं त्याने घ्यावं: मुलांनो, जे काम एकदा केलं की संपतं, ते चुकूनही करू नका. रोज बिघडणारं रोज सावरणाऱ्याला जंगल मानाने कातळ देतं. ते कायमचं सावरणारा मात्र जंगलाला सलतो, कारण त्याने सगळ्यांची सकाळ रिकामी केलेली असते. म्हणून मोठेपणी कुठल्याही यंत्राजवळ बसलात, तर काय चालतं ते मनात ठेवा, काय चालत नाही त्याची दवंडी द्या, आणि दोन्हींच्या मध्ये आपलं बोट ठेवून झोपा. पाणी येईल. तहान थोडी जास्त लागेल, पण तोवर टाळ्यांचा सराव होतो.